थैली न घेता निघालेले

सामान्य काळातील चौदावा रविवार (वर्ष क)
वाचने : यशया ६६:१०-१४, गलतीकरांस ६:१४-१८, लूक १०:१-१२, १७-२०



मे महिन्यात आपल्या धर्मग्रामातील कॉलेजची मुलेमुली दहा दिवसांच्या सेवा शिबिरासाठी कापूरहोळ परिसरातील एका वाडीवर गेली होती. त्यांच्यासाठी तांदूळ, डाळ, तेल, वह्या-पेन्सिली आपणच गोळा करून दिल्या होत्या. परतल्यावर त्यांनी मिस्सानंतर अहवाल वाचला. मुलांचे वर्ग घेतले, विहिरीतला गाळ काढला, शाळेच्या भिंती रंगवल्या. आपण टाळ्या वाजवल्या.

सगळे पांगल्यावर एक मुलगी सॅक्रिस्टीपाशी थांबून राहिली. म्हणाली, “फादर, एक गोष्ट अहवालात लिहिली नाही. तुमची आज्ञा मोडली म्हणून.”

माझी आज्ञा अशी होती : गावावर ओझे व्हायचे नाही, कोणाच्या घरी जेवायचे नाही. शिधा, गॅस, औषधांची पेटी, सगळे बरोबर दिले होते. नियोजन चोख आहे असे मला वाटत होते.

चौथ्या दिवशी ही मुलगी वर्गासाठी मुले गोळा करीत उन्हातून फिरत होती. एका ओसरीवर बसलेल्या आजींनी विचारले, “एवढं करताय, बदल्यात तुमास्नी काय पायजे?” ती म्हणाली, “काहीच नको, आजी.” आजी हसल्या. “कायच नको? आसं कुटं आस्तंय व्हय, पोरी? तहान तरी लागली आसंल की!” त्यांनी पाणी दिले, गुळाचा खडा दिला. त्याच संध्याकाळी मुलीला ऊन बाधले, उलट्या झाल्या, ताप चढला. आजी तिला आपल्या घरी घेऊन गेल्या. देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक, आणि खाली घोंगडीवर आपली मुलगी. रात्रभर त्या ओल्या फडक्याने तिचे अंग पुसत राहिल्या. सकाळी तांदळाची पेज भरवली. त्या घरात पाणी येते ते उतारावरच्या विहिरीतून, डोक्यावरून. “माझ्यासाठी त्या रात्री किती हंडे गेले असतील, फादर? आम्ही सेवा करायला गेलो होतो. मग हे मिशन नक्की कोणाचं झालं?”

मी तिला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. आजचे शुभवर्तमान वाचताना ते मला सापडले, आणि माझी चूकही सापडली.

प्रभू येशू बहात्तर शिष्यांना पाठवतो तेव्हा काय बरोबर घ्यावे याची यादी देत नाही. काय घेऊ नये ते सांगतो. थैली नको, झोळी नको, वहाणा नकोत. जे घर स्वीकारील तिथेच राहा आणि पुढ्यात येईल ते खा, असे तो बजावतो. असे का? शिष्य उपाशी राहावेत म्हणून नव्हे. त्यांना लोकांची गरज भासावी म्हणून. ज्याची झोळी भरलेली असते, तो दारात उभा राहूनच देतो आणि पुढे जातो. रिकाम्या हाताने आलेल्याला घरात यावे लागते, जमिनीवर बसावे लागते, दुसऱ्याच्या ताटातले खावे लागते. शांती असो, हा आशीर्वाद तिथे बसून दिला की तो दान राहत नाही, नाते होतो. मी मात्र मुलांच्या झोळ्या इतक्या भरल्या होत्या की, त्यांना कोणाच्याच घरी जावे लागू नये.

आता पहिले वाचन ऐका. यशया संदेष्टा यरुशलेमला आईच्या रूपात पाहतो. लेकरे तिचे दूध पोटभर पितात, तिच्या कडेवर बसतात. आणि आई जशी समजूत घालते तसे मी तुमचे सांत्वन करीन, असे देव म्हणतो. हे ऐकताना कापूरहोळचीच आठवण होते. पुणे-सातारा महामार्गावरच्या या गावातून डावीकडे नारायणपूर-पुरंदरचा रस्ता फुटतो आणि उजवीकडे भोरचा. आज आपण तिथे चहाला थांबतो. पण हे धाराऊचे गाव आहे. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. आई सईबाई आजारी. बाळाला दूध पुरेना. तेव्हा कापूरहोळच्या गाडे घराण्यातील धाराऊंनी राजपुत्राला आपले दूध पाजले. १६५९ साली सईबाई राजगडावर निवर्तल्या. राजाच्या घरात बाळाला काही कमी नव्हते. पण जे हवे होते, ते शेजारच्या गावातल्या एका आईपाशी होते.

शिबिराला निघताना आपल्याला वाटते, आपण धाराऊ व्हायला चाललो आहोत. प्रत्यक्षात पुष्कळदा आपण ते बाळ असतो, आणि गाव धाराऊ असते. यात कमीपणा नाही. इंग्रज जेज्वीट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. ज्यांना शिकवायचे त्यांच्याकडूनच ते आधी बोलायला शिकले. या मातीतल्या भाषेचे दूध प्याले, म्हणूनच १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत छापले गेले. देवाचा पुत्रही मरियेच्या दुधावर वाढला. जो देव स्वतः घेणारा झाला, त्याचे शिष्य फक्त देणारेच कसे राहतील?

आणि धाराऊंकडून आणखी एक शिकायचे आहे. दूध पाजणारी बाळावर हक्क लिहून घेत नाही. पाजलेले दूध मोजून परत मागता येत नाही. बहात्तर शिष्य आनंदाने परतले ते यशाचा अहवाल घेऊनच. भुतेदेखील आम्हांला वश झाली, असे ते सांगू लागले. येशूने त्यांचा आनंद मोडला नाही, पण त्याची जागा बदलली : तुमची नावे स्वर्गात लिहिली आहेत, याचा आनंद करा. किती वर्ग घेतले, किती भिंती रंगवल्या, याची नोंद आपल्या वहीत राहो. आजींचे हंडे कोणी मोजले नाहीत. ते मोजणारा एकच आहे.

मुलांनो, पुढच्या मे महिन्यात तुमच्या झोळ्या मी थोड्या हलक्या ठेवीन. वह्या-पेन्सिली घ्या, औषधे घ्या. पण कोणी ओसरीवर बोलावले तर बसा, आणि पुढ्यात येईल ते खा. दिवाळीच्या सुट्टीत आपण काहीजण त्या आजींना भेटायला जाणार आहोत. शिबिर नाही, अहवाल नाही. पाहुणे म्हणून जायचे.

आणि घरी असलेल्या आपण सर्वांनी या आठवड्यात एक करावे. ज्याला आपण नेहमी काही देतो, कामवाली ताई असो, वॉचमन असो, एकटे राहणारे शेजारी असोत, त्याच्याकडून काहीतरी घ्यावे. एक कप चहा घ्यावा, एखादा सल्ला घ्यावा. त्याच्या हातून घेताना आपल्याला जे अवघडल्यासारखे होईल, त्याचा प्रार्थनेत विचार करावा.

हे प्रभो, तू आम्हांला पाठवतोस तेव्हा आमची तहान लपवायला आम्हांला शिकवू नकोस. आमेन.

ख्रिस्तामध्ये आपला,
धर्मगुरू