अंगणवाडीच्या वयाचे पुस्तक

चित्रे घातलेले प्रत्येक पुस्तक चित्रपुस्तक होत नाही. ज्या पुस्तकात निम्मी गोष्ट चित्र सांगते, आणि चित्र झाकले तर मजकूर अपुरा पडतो, ते चित्रपुस्तक. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अक्षरे वाचता येत नाहीत. चित्र मात्र ते मोठ्यांपेक्षा बारकाईने वाचते. मोठा माणूस ओळीवर बोट ठेवून पुढे सरकत असतो, तेव्हा मुलाचे डोळे पानाच्या कोपऱ्यातल्या मुंगीवर असतात. या वयासाठी पुस्तक निवडताना ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते.

पॅट हचिन्स या इंग्रज चित्रकर्तीचे ‘रोझीज वॉक’ हे १९६८ चे पुस्तक याचा उत्तम नमुना आहे. संपूर्ण पुस्तकात एकच वाक्य, तेही ३२ शब्दांचे. एक कोंबडी फेरफटका मारायला निघते आणि जेवायच्या वेळेला घरी परतते, एवढाच मजकूर. कोल्ह्याचा त्यात उल्लेखही नाही. चित्रात मात्र पहिल्यापासून कोल्हा तिच्या मागे आहे. तो झेप घेतो आणि दाताळ्यावर पाय पडून नाकावर मार खातो. पुढे तळ्यात पडतो, गवताच्या गंजीत रुततो, पिठाने माखतो, शेवटी मधमाश्या त्याला पळवून लावतात. कोंबडीला यातले काही कळत नाही. वाचणारा कोल्ह्याचे नाव घेत नाही, म्हणून ऐकणारे मूलच ओरडते, ‘मागं बघ, मागं बघ!’ मजकुराने जे सांगायचे सोडले ते सांगण्याचा मान मुलाला मिळतो. चांगल्या चित्रपुस्तकाचे सारे बळ या सोडलेल्या जागेत असते.

आठवडे बाजारात किंवा स्टेशनरीच्या दुकानात मुलांचे पुस्तक म्हणून मिळते ते बहुधा अंकलिपी किंवा फळाफुलांचे, जनावरांचे तक्तेवजा पुस्तक. एका चौकटीत एक वस्तू, खाली तिचे नाव. अक्षरओळखीच्या वेळी ते कामाला येते. पण अननस, मग आगगाडी, मग इमारत यांत पुढे काय होईल याची ओढ नसते; नाव सांगून झाले की बोलणे संपते. पालक ते घेतात, कारण पोर पहिलीत जाण्याआधी त्याला अक्षरे यावीत ही काळजी खरी आहे. पण जे पुस्तक मूल ‘परत वाच’ म्हणून दहा वेळा पुढे करते, त्यातूनच छापलेल्या खुणांना अर्थ असतो, पान अमुक बाजूने उलटते आणि तेच शब्द दर वेळी तिथेच भेटतात, हे त्याला कळते. अक्षरांची गरज त्याला त्यानंतर वाटू लागते.

चित्रातून शिकवावे हा विचार जुना आहे. युरोपातला शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस याचे सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ साली निघाले. महाराष्ट्रात बालशिक्षणाचा पाया गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली स्थापन केलेल्या नूतन बालशिक्षण संघाने घातला. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांसह ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर नेले. खडे, शिंपले, बिया, पाने हीच तिथली साधने होती. मुलाच्या आसपास जे आहे तिथून सुरुवात करायची, हे त्यांचे सूत्र पुस्तकांच्या निवडीलाही लागू पडते.

ते कसे, हे बेल्ह्याच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातले हे गाव सोमवारच्या बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. इथल्या चार वर्षांच्या मुलाने बैल जवळून पाहिलेला असतो. वशिंड, वेसण, म्होरकी, कासरा, पोळ्याला रंगवलेली शिंगे हे सारे त्याच्या ओळखीचे. त्याच्यापुढे जे स्वस्त पुस्तक येते त्यात ‘बैल’ या नावाखाली वशिंड नसलेले, परदेशी चित्रातून उचललेले जनावर असते. मूल म्हणते, हा बैल नाही. मूल बरोबर असते, पुस्तक चूक असते. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची गाय मात्र त्याला परकी वाटत नाही, कारण तसली संकरित गाय आज तालुक्यातल्या कित्येक गोठ्यांत आहे. तेव्हा चित्र ‘देशी’ आहे की ‘विदेशी’ यावर निवड करू नये. चित्रकाराने ती वस्तू नीट पाहिली आहे का, एवढे पाहावे. जनावराचे पाय कसे उभे आहेत, दोर कुठे बांधला आहे, माणसाने ओझे कसे पेलले आहे, हे ज्याने पाहिले त्याची रेघ बोलते. संगणकावर तोच चेहरा दहा ठिकाणी चिकटवलेल्या पुस्तकात हे दिसत नाही, आणि अशी पुस्तके निःशंकपणे नाकारावीत.

ओळखीचे जग म्हणजे तेवढेच जग असेही नाही. कांद्याच्या चाळी आणि उसाचे फड पाहणाऱ्या मुलाला समुद्र, बर्फ, उंच इमारती पुस्तकातूनच भेटायच्या असतात. खोडदजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्या शेतांमधून उभ्या पाहणारी मुले याच तालुक्यात आहेत. त्यांच्यासाठी अवकाश ही दूरची गोष्ट नाही. पुस्तकांच्या संचात निम्मी पुस्तके घरच्यासारखी आणि निम्मी पलीकडची असावीत.

भीतीचा प्रश्न या भागात नेटाने विचारात घ्यावा लागतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा बिबट्याचा प्रदेश आहे. उसात बिबट्याची पिल्ले वाढतात, माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे आणि लहान मुलांवर हल्ले झालेले आहेत. इथे ‘बाहेर जाऊ नको’ हे मूल रोज ऐकते. अशा मुलासाठी निवडलेल्या पुस्तकातून भीती पार पुसून टाकणे हा उपाय नाही. मॉरिस सेंडाकच्या १९६३ च्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ मध्ये मॅक्स नावाचा मुलगा अक्राळविक्राळ प्राण्यांच्या बेटावर जातो, त्यांचा राजा होतो आणि परत येतो, तेव्हा त्याचे जेवण अजून गरम असते. प्रसिद्ध झाल्यावर हे पुस्तक भीतिदायक म्हणून टीकेचे धनी झाले. मुलांनी ते उचलून धरले. भीतीला जागा देणारे आणि शेवटी घरी आणून सोडणारे पुस्तक या वयाला चालते. अपघात, रक्त किंवा शिक्षा दाखवून धाक घालणारे चालत नाही.

मराठीत निवडण्याजोगी पुस्तके आज आहेत. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ या मालिका, ‘बाबाच्या मिश्या’ ही पुस्तके ज्योत्स्ना प्रकाशनाने काढली. लेखन आणि चित्रे एकाच हातची असल्यामुळे कोणते काम शब्दांनी करायचे आणि कोणते रेषेने, याचा हिशेब त्यांत चोख आहे. त्यांतली आई दमते, आजोबा पेपर वाचतात, मूल हट्ट करते, आणि या साऱ्याचे तात्पर्य कोणी काढत नाही. पुरंदरे यांना २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका, चेन्नईच्या तूलिकाची आणि बंगळुरूच्या प्रथम बुक्सची मराठी पुस्तके यांतही चांगली निवड करता येते. भाषांतर असेल तर एक पान मोठ्याने वाचून पाहावे. वाक्य जिभेवर अडखळले तर पुस्तक खाली ठेवावे. चित्रे कितीही देखणी असोत, ऐकणाऱ्या मुलाचे त्यात मन लागणार नाही.

उपदेशाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. मराठी घरांत मुलांचे पुस्तक संस्कारासाठी घेण्याची रीत आहे, आणि शेवटच्या पानावर ‘म्हणून मुलांनो’ आले की पालकांचे समाधान होते. तीन-चार वर्षांचे मूल मात्र त्या ओळीपर्यंत आलेले नसते. ते अजून मागच्या पानावरच्या बुडालेल्या होडीचा विचार करत असते. ज्या गोष्टीत चांगले वागणे घडताना दिसते तिला शेवटी तात्पर्य लावावे लागत नाही. आणखी एक पाहावे: चित्रांत कामे कोण करते? सगळ्या पुस्तकांत आई चुलीपाशी आणि बाबा खुर्चीत असतील, गोरी मुले शहाणी आणि सावळी मुले वांड असतील, तर मूल तेही मुकाट्याने शिकते.

आकार, कागद, अक्षर या बाबी थोडक्यात आटोपता येतात. अंगणवाडीत पुस्तक वीस मुलांपुढे धरायचे तर ते मोठे हवे. मांडीवर घेऊन वाचायचे तर लहान चालते. पान जाड, शिवण पक्की, मजकूर पानाला दोन-तीन ओळी, अक्षर ठसठशीत आणि चित्रावर न चढलेले असावे.

निवडीइतकेच वाचण्याला महत्त्व आहे. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना महिनाभर एवढेच करायला सांगितले होते, की नुसते वाचून न दाखवता मोकळे प्रश्न विचारायचे आणि मुलाचे उत्तर पुढे वाढवायचे. ती मुले भाषेत इतरांच्या पुढे गेली. पुस्तकातली भाषा आणि घरची बोली वेगळी असेल, जशी जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडच्या ठाकर आणि महादेव कोळी वस्त्यांत असते, तिथे गोष्ट आधी घरच्या बोलीत सांगावी, चित्रांवर भरपूर बोलू द्यावे, मग छापील मजकूर वाचावा. हे काम ज्या आजीला वाचता येत नाही तीही करू शकते; शब्दविरहित पुस्तक तर तिच्या हातात सर्वांत जास्त खुलते.

पैशांची अडचण खरी आहे, पण पूर्ण अडवणारी नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तके मोफत आहेत आणि ती छापून घ्यायलाही मुभा आहे. फोनच्या लहान पडद्यावर मात्र चित्राचे कोपरे हरवतात, म्हणून छापलेले पान बरे. अंगणवाड्यांत पुस्तके येतात तेव्हा ती फाटू नयेत म्हणून कपाटात ठेवण्याकडे कल असतो. फाटलेले पुस्तक चिकटवता येते. म्हणून पुस्तके मुलांच्या हाताला येतील अशी, मुखपृष्ठ समोर दिसेल अशा रीतीने, दोरीवर किंवा खालच्या फळीवर ठेवावीत.

या दिवाळीत भाऊबीजेच्या ओवाळणीत किंवा गावच्या अंगणवाडीसाठी काही द्यायचे असेल, तर दुकानात उभे राहून एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचावे, आणि मगच ते घ्यावे.