नकाशाची साक्ष

नाशिकच्या पश्चिमेस पेठपासून त्र्यंबकपर्यंत जो डोंगराळ मुलूख पसरला आहे, त्याचे सर्वेक्षण खात्याने इंचास एक मैल या प्रमाणाने काढलेले जुने नकाशे पाहण्यात मोठा आनंद आहे. उंचीच्या रेषा तपकिरी, ओहोळ निळे, जंगल हिरवे, लागवड पिवळी; सागाऐनाचे ते डोंगर कागदावर उतरलेले पाहून मोजणीदाराच्या चिकाटीस हात जोडावेसे वाटतात. पण नकाशा खोटे बोलत नाही, एवढ्यावरून तो सारे खरे सांगतो असे म्हणता येईल काय?

1865 साली थळ घाटातून आगगाडी वर चढली. रुळांखाली घालण्यास लाकूड हवे झाले. 1878 च्या कायद्याने राखीव जंगलाची हद्द आखण्याची रीत पडली. त्या हद्दीने पुष्कळ साग वाचला, हे कबूल केले पाहिजे. ठेकेदाराच्या कुऱ्हाडीस कागदाचीच काय ती भीती! मात्र त्याच डोंगरांत कोकणा, वारली, महादेव कोळी यांची नागली-वरईची शेते होती. उतारावरची जमीन काही वर्षे पिकवावयाची व मग पडीक टाकावयाची. मोजणीदार आला त्या वर्षी ती पडीक असेल, तर तीस हिरव्याखेरीज कोणता रंग मिळणार? त्याने डोळ्यांस दिसले ते लिहिले. हक्क डोळ्यांस दिसत नाही.

वनहक्क कायद्याने 2006 साली हा अन्याय मान्य केला. जमीन 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून ताब्यात असल्याचा पुरावा मात्र द्यावा लागतो, आणि त्यात नकाशांच्या जोडीस बांध, विहिरी, स्मशाने, गावच्या वृद्धांची लेखी जबानी हीही धरली आहेत. आम्हांस या नियमात मोठी नीती दिसते. तरीही मार्च 2018 मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे 180 किलोमीटर चालत गेले. कसती वनजमीन नावावर व्हावी, ही त्यांची एक मुख्य मागणी होती.

कोणी म्हणेल, म्हाताऱ्याची आठवण चुकते, कागद चुकत नाही. परंतु त्या कागदावर बारीक अक्षरांत पाड्यांची, ओहोळांची, टेकड्यांची जी नावे आहेत, ती परमुलुखातून आलेल्या मोजणीदारास कोणी सांगितली असतील? अशाच एखाद्या म्हाताऱ्याने, बांधावर उभे राहून.