हायब्रिड गाडी आणि आपला मिस्त्री

इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप करणारा कॅमशाफ्ट सोलापुरात बनतो. 1992 साली स्थापन झालेल्या इथल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा माल देशोदेशीच्या गाड्यांत जातो. निव्वळ विजेवरच्या गाडीला कॅमशाफ्ट लागतच नाही. हे ओळखून कंपनीने 2018 मध्ये विजेच्या ट्रक-बसची यंत्रणा बनवणाऱ्या इमॉस या डच कंपनीत मोठा हिस्सा घेतला. कारखान्याला असा पैसा वळवता येतो. गॅरेजवाल्याने काय वळवायचे?

पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिडमुळे त्याचे दुकान उद्याच बंद पडणार नाही. पेट्रोल इंजिन आहे, म्हणजे ऑइल, फिल्टर, सस्पेन्शनची कामे राहतात. पण रोजचा गल्ला भरणारी कामे गळतात. टोयोटाच्या पद्धतीच्या हायब्रिडमध्ये क्लच प्लेट नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटरही नाही. वेग कमी करताना मोटरच वीज तयार करते, त्यामुळे ब्रेक पॅडसुद्धा जास्त टिकतात. नवे काम येते ते बॅटरी आणि इन्व्हर्टरचे, आणि तिथे शेकडो व्होल्ट खेळत असतात. करंट आहे का हे वायर टेकवून, ठिणगी पाहून ठरवायची सवय बारा व्होल्टला चालून गेली. हे शेकडो व्होल्ट वाहून नेणाऱ्या नारिंगी वायरीवर ती जीव घेईल. तिथे आधी इन्सुलेटेड हातमोजे घालून बॅटरीचा प्रवाह तोडणारा सर्व्हिस प्लग काढायचा, ठरलेला वेळ थांबायचे, मीटरने खात्री करायची, मगच पाना उचलायचा.

आमच्या मिस्त्रींना हे जमणार नाही, असे म्हणणे मला मान्य नाही. कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले, तेव्हा याच लोकांनी स्कॅनर विकत घेतले आणि ते वापरायला शिकले. अडचण बुद्धीची नाही, माहिती कुलूपबंद असण्याची आहे. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे बाहेरच्या गॅरेजना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना 2,500 कोटींहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण आयोगाने दाखवलेली दिशा योग्यच होती.

मारुतीची हायब्रिड ग्रँड विटारा 2022 मध्ये आली. तिच्या बॅटरीची वॉरंटी 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर. म्हणजे 2030 पासून वॉरंटी संपलेल्या या गाड्या सेकंडहँड होऊन छोट्या गॅरेजच्या दारात उभ्या राहू लागतील. तोवर आयटीआयने दिवसभर गाडीखाली राबणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग सुरू करावेत, आणि हातमोजे व मीटरसाठी बँकांनी छोटी कर्जे द्यावीत. गाडीमालकांनाही एक विनंती: ज्याने हे प्रशिक्षण घेतलेले नाही, त्याला थोड्या पैशांच्या बचतीसाठी नारिंगी वायरीला हात लावायला सांगू नका.