जिभेची गाठ आणि आदरणीय मूसा (अ.) यांची दुआ

मूल दोन वर्षांचे झाले. ते हसते, धावते, हवी ती वस्तू मिळावी म्हणून अम्मीचा पदर धरून ओढत नेते. मात्र बोलत नाही. ईदच्या दिवशी त्याच्याहून चार महिन्यांनी लहान असलेला मामेभाऊ घरभर सलाम करीत फिरतो आणि या मुलाच्या आईचा चेहरा उतरतो. घरात लगेच दोन प्रकारचे सल्ले सुरू होतात. कोणी म्हणते, नजर लागली असेल, कोणाला तरी दाखवून आणा. दुसरे कोणी म्हणते, अल्लाहवर भरवसा ठेवा, याचे अब्बासुद्धा उशिराच बोलू लागले होते. पहिल्या सल्ल्याकडे पुढे वळू. दुसरा सल्ला मात्र श्रद्धेच्या भाषेत येतो, म्हणून त्याचा विचार आधी व्हायला हवा. मूल बोलत नाही म्हणून व्याकूळ होणे, त्याला तज्ज्ञांकडे नेणे, ही तवक्कुलमधील उणीव आहे काय?

वाचकहो, सूरह रहमानच्या आरंभी मानवाच्या निर्मितीचा उल्लेख येतो आणि त्यापाठोपाठ अल्लाहने त्याला 'बयान' शिकविल्याचा. बयान म्हणजे मनातले उलगडून सांगण्याची क्षमता. असंख्य देणग्यांमधून या देणगीला निर्मितीच्या इतके निकट स्थान मिळाले आहे. ती आपल्या लेकराच्या वाट्याला येण्यास विलंब होत असेल आणि आईबापांना झोप लागत नसेल, तर ती अश्रद्धा नव्हे. देणगीचे मोल ज्याला कळते त्यालाच तिची वाट पाहणे जड जाते.

सूरह नहलमध्ये आणखी एक गोष्ट सांगितली आहे. आपण मातेच्या उदरातून बाहेर आलो तेव्हा काहीही जाणत नव्हतो. मग अल्लाहने आपल्याला श्रवण दिले, दृष्टी दिली, अंतःकरण दिले. श्रवणाचा उल्लेख प्रथम आहे. अशा क्रमांवरून वैद्यकशास्त्र सिद्ध करू पाहण्याची हौस आपल्याकडे फार आहे. ती मला मान्य नाही. तरीही हे वचन वाचताना हे आठवल्याशिवाय राहत नाही, की न बोलणारे मूल समोर आले की जाणकार डॉक्टर पहिला प्रश्न कानांविषयीच विचारतात. दार आपटल्यावर मूल दचकते म्हणून त्याला सर्व काही ऐकू येते असे नसते. मोठा आवाज ऐकू येऊनही बोलण्यातील बारीक ध्वनी निसटून जाऊ शकतात. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पाणी साचते आणि सारे बोलणे बोथट होऊन पोहोचते. मूल झोपेत असताना होणाऱ्या ओएई आणि बेरा या तपासण्यांतून याचा उलगडा होतो. सुई टोचावी लागत नाही, मुलाने उत्तर देण्याची गरज नसते.

आता त्या दुआकडे येऊ. आपल्या अनेक घरांत मूल बोलत नसेल तर आई किंवा दादी सूरह ताहामधील आदरणीय मूसा (अ.) यांची दुआ पढून मुलावर दम करते. हे सुंदर आहे, यात शंका नाही. पण ती दुआ बहुधा जिभेची गाठ सोडविण्याच्या मागणीपाशी थांबविली जाते. दिव्य कुरआनात ती तेथे थांबत नाही. आदरणीय मूसा (अ.) यांनी छाती विशाल व्हावी, कार्य सोपे व्हावे, जिभेची गाठ सुटावी असे मागितले आणि त्याच श्वासात आपल्याच कुटुंबातून एक साहाय्यक मागितला: भाऊ हारून (अ.). सूरह कससमध्ये तर त्यांनी कारणही सांगितले आहे, की भावाची वाणी माझ्याहून अधिक प्रवाही आहे. ज्या प्रेषिताशी अल्लाहने प्रत्यक्ष संभाषण केले, ज्यांना आपण 'कलीमुल्लाह' म्हणतो, त्यांनी दुआमध्येच माणसाची मदत मागितली. अल्लाहने ती नाकारली नाही, तुझा भरवसा कोठे गेला असेही विचारले नाही, मागितलेले दिले. मग ज्या माउलीने दम केला आणि दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन वाचा-उपचार तज्ज्ञाकडे गेली, तिने दुआ अर्धवट सोडली की पूर्ण केली, हे आपणच ठरवा. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू की बांधून, असे विचारणाऱ्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी बांधण्यास सांगितले, ही तिर्मिजीतील हदीस आपण व्यापाराच्या गोष्टींत किती सहज सांगतो, लेकराच्या बाबतीत ती का विसरावी?

मात्र उपाय खरा असावा. जिभेवर वेखंड घासणे, जिभेखालचा पडदा कापून आणणे, शेकडो रुपये मोजून तावीज बांधणे, यांत महिने निघून जातात. जिभेखालचा पडदा आखूड असल्यास दूध ओढताना किंवा काही उच्चारांत अडचण येऊ शकते, परंतु मूल मुळीच न बोलण्याचे कारण तो क्वचितच असतो. दुसरा गैरसमज शिकलेल्या घरांत अधिक आढळतो: घरात उर्दू, दारात मराठी, शाळेत इंग्रजी, त्यात मकतबची अरबी, म्हणून मूल गोंधळले. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मुलाची वाचा खुंटत नाही. तज्ज्ञ तर असेच सांगतात, की आईला जी भाषा सहज येते तिच्यातच तिने भरपूर बोलावे. कोकणातल्या आईने आपली कोकणी सोडून मोडक्या इंग्रजीत मुलाशी बोलणे हे त्या मुलाचे नुकसानच आहे. आणि हातात मोबाइल दिलेले मूल ऐकते खरे, पण त्याला उत्तर देणारे तेथे कोणी नसते.

किती वाट पाहावी? साधारण वर्षाच्या आसपास पहिला अर्थपूर्ण शब्द येतो आणि दोन वर्षांपर्यंत मूल दोन शब्द जोडू लागते. मागेपुढे होणे स्वाभाविक आहे आणि उशिरा बोलणारी कितीतरी मुले पुढे इतरांच्या बरोबरीला येतात. पण वर्ष उलटल्यावरही नावाने हाक मारल्यास वळून पाहत नाही, बोटाने काही दाखवत नाही, दीड वर्ष झाले तरी एकही शब्द नाही, किंवा आलेले शब्द नाहीसे झाले, तर वाट पाहू नये; शेवटच्या स्थितीत तर एक दिवसही दवडू नये. पैशांची अडचण असेल त्यांनीही खचू नये. २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत मुलांची तपासणी होते आणि तेथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. मुंबईत वांद्र्याला महाराष्ट्राचे एकेकाळचे राज्यपाल अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी उभी आहे.

इतके असूनही मुले उशिरा का पोहोचतात? येथे प्रश्न वैद्यकाचा उरत नाही, नीतीचा होतो. आपल्या चिंतेत दोन चिंता मिसळलेल्या असतात. एक मुलाची असते, दुसरी लोकांची. मुलाची चिंता घराबाहेर पडते, विचारते, रांगेत उभी राहते. लोकांची चिंता मुलाला पाहुण्यांपासून आत नेऊन बसविते, अंगणवाडी सेविकेला 'बोलतो की, लाजतो फक्त' असे सांगते आणि रात्री सुनेला विचारते की गरोदरपणी तू काय केलेस. हा शेवटचा प्रश्न जुलूम आहे. आईच्या नोकरीला, तिच्या माहेरच्या रक्ताला, तिच्या एखाद्या चुकलेल्या नमाजला मुलाच्या मौनाचे कारण ठरविण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नाही. मुलीच्या बाबतीत तर आणखी एक अन्याय मुकाट्याने घडतो. ती बोलत नाही याची कोणाला चिंताच वाटत नाही. 'किती शांत पोर आहे' असे कौतुक होते आणि मुलगा असता तर ज्या वयात डॉक्टरांकडे नेले असते ते वय निघून जाते.

काही मुले सर्व प्रयत्न होऊनही बोलणार नाहीत. त्यांच्या आईबापांना थोरामोठ्यांच्या उशिरा बोलण्याच्या गोष्टी सांगून खोटा धीर देऊ नये. त्यांना सांगण्यासारखे आपल्या शरीयतमध्ये पुष्कळ आहे. फिकहच्या ग्रंथांत मुक्या माणसाचा समजणारा, ठरलेला इशारा बोलण्याच्या जागी मानला जातो. त्या इशाऱ्याने व्यवहार होतो, निकाहही होतो. आपले फकीह त्याच्या हाताच्या खुणेला कबुलीचे वजन देत होते. उलट, वाणीवरून माणसाची किंमत करणाऱ्याचे उदाहरणही दिव्य कुरआनात आहे. सूरह जुखरुफमध्ये एकजण आदरणीय मूसा (अ.) यांना तुच्छ लेखतो आणि याला धड बोलताही येत नाही असे हिणवतो. तो फिरऔन होता. आपल्या घरच्या लग्नात एखाद्या मुलाकडे बोट दाखवून 'मुका आहे का?' असे विचारणाऱ्याने आपण कोणाचे वाक्य उच्चारतो आहोत हे पाहावे.

राहिले घरातील बोलणे. बुखारीतील हदीस आहे: आदरणीय अनस (रजि.) यांच्या लहानग्या भावाजवळ एक चिमुकले पाखरू होते आणि प्रेषित (स.) त्याला प्रेमाने 'अबू उमैर' म्हणून हाक मारीत त्या पाखराची विचारपूस करीत. शाफिई फकीह इब्नुल कास यांनी या एवढ्याशा हदीसमधून साठेक बोध काढणारी पुस्तिका लिहिली आहे. आपल्याला येथे एकच पुरेसा आहे. प्रेषितांनी (स.) मुलाला 'हे म्हण, ते म्हण' असे सांगितले नाही, मुलाच्या डोळ्यांसमोर जे होते त्याविषयीच ते त्याच्याशी बोलले. आपल्याकडे पाहुणे आले की बोबड्या मुलाला उभे करून कलिमा म्हणवून घेण्याचा घाट घातला जातो, आणि ते गप्प राहिले की सर्वांसमोर त्याची परीक्षा चुकते. त्याऐवजी ते माठाकडे ओढत नेईल तेव्हा 'पाणी? पाणी हवे?' असे म्हणून क्षणभर थांबावे. त्याने नुसता 'पा' म्हटले, किंवा तेही न म्हणता मान हलविली, तरी पेला भरून द्यावा आणि देताना 'पाणी' हा शब्द पुन्हा एकदा त्याच्या कानावर पडू द्यावा.