चिलखत चोरलं कोणी? (सूरह निसा, आयत १०५ ते ११३)



आजच्या वाचनाच्या नऊ आयती आहेत. जमलं तर आधी अनुवादासह एकदा वाचून घ्या, मग पुढे या. पाच मिनिटंही लागणार नाहीत.

"तुमच्या धर्मात यहुदी-ख्रिस्ती लोकांबद्दल सहिष्णुता आहे का?" हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांना कॉलेजात, ऑफिसात कधी ना कधी विचारला गेला असेल. आपण बहुतेक वेळा सूरह बकराच्या २५६ व्या आयतीकडे बोट दाखवतो. धर्माच्या बाबतीत जबरदस्ती नाही, असं ती सांगते. उत्तर बरोबरच आहे. पण मला वाटतं, खरी कसोटी आजच्या आयतींमध्ये आहे, आणि ती प्रश्न विचारणाऱ्याची नसून आपली आहे.

आधी या आयतींमागची घटना. अनेक भाष्यकारांनी ती सांगितली आहे. रिवायतींमध्ये तपशील थोडे बदलतात, गाभा तोच राहतो. मदीनेत एक चिलखत चोरीला गेलं. पिठाच्या थैलीत ठेवलेलं होतं. संशय शेजारच्या तुअमा बिन उबैरिकवर गेला. तो अन्सारांपैकी, म्हणजे मुसलमानांच्या समाजातला माणूस. त्याने शपथ घेऊन नाकारलं. पण थैलीला भोक होतं. सांडलेल्या पिठाचा माग काढत लोक गेले तर तो माग एका यहुदी माणसाच्या दारात पोहोचला आणि चिलखत तिथे सापडलं. यहुदी म्हणाला, "हे तुअमानेच माझ्याकडे ठेवायला दिलंय."

आता तुअमाच्या कबिल्यातले लोक प्रेषित (स.) यांच्याकडे गेले. आमच्या माणसाची बाजू घ्या, नाहीतर आमची अब्रू जाईल आणि यहुदी सुटेल, असा त्यांचा सूर होता. वरवर पाहिलं तर पुरावाही त्यांच्या बाजूने दिसत होता. माल यहुद्याच्या घरी, आणि मुसलमानाची शपथ! शिवाय तो काळ आठवा. मदीनेतल्या काही यहुदी कबिल्यांशी मुसलमानांचे संबंध ताणलेले होते. एका यहुद्याला चोर ठरवलं असतं तर कुणालाच आश्चर्य वाटलं नसतं.

अशा वेळी या आयती उतरल्या. विश्वासघात करणाऱ्यांचे वकील होऊ नका, असा हुकूम आला. इथे तुम्ही त्यांच्यासाठी भांडाल, पण कयामतच्या दिवशी त्यांच्या बाजूने कोण बोलणार, असा सवाल आला. आणि ११२ व्या आयतीत सांगितलं गेलं, की जो स्वतः गुन्हा करून तो निरपराध माणसाच्या माथी मारतो, तो उघड पापाचं आणि बदनामीचं ओझं उचलतो. यहुदी निर्दोष ठरला. चोर आपल्यातला निघाला.

क्षणभर थांबून विचार करा. या आयती त्या काळी एका यहुदी माणसाच्या अब्रूसाठी उतरल्या आणि आजही नमाजमध्ये पढल्या जातात. तो ईमान आणेल का, तो मुसलमानांचा मित्र आहे का, त्याचा कबिला कुणाच्या बाजूने आहे, यातलं काहीच विचारलं गेलं नाही. त्याने चोरी केली होती की नाही, एवढंच पाहिलं गेलं.

'सहिष्णुता' या शब्दात 'सहन करणं' आहे. शेजारी आपल्या पद्धतीने प्रार्थना करतोय, चला, सहन करू. हेही कमी नाही. सूरह हजच्या ४० व्या आयतीत तर मठ, चर्च, सिनेगॉग आणि मशिदी यांच्या रक्षणाचा उल्लेख एकाच दमात येतो. पण सूरह निसा त्याहून अवघड गोष्ट मागते. आपला माणूस चुकलेला असताना, समाजाची इज्जत पणाला लागलेली असताना, परक्याच्या बाजूने खरं बोला, असं ती सांगते.

मुसलमानांना असा न्याय आधी दुसऱ्याकडून मिळाला होता, हेही विसरू नका. सन ६१५ च्या सुमारास मक्केतल्या छळाला कंटाळून काही मुसलमान हबशात, आजच्या इथिओपियाच्या भागात, गेले. कुरैशांनी मागोमाग भेटवस्तू घेऊन माणसं पाठवली: हे आमचे पळून आलेले लोक, परत द्या. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती होता. त्याने या निर्वासितांना बोलावून त्यांचंही म्हणणं ऐकलं आणि त्यांना परत द्यायला नकार दिला.

आता तुम्ही म्हणाल, मग सूरह माइदाच्या ५१ व्या आयतीचं काय? यहुदी आणि ख्रिस्तींना 'औलिया' करू नका, असं तिथे आहे ना? आहे. ही आयत लपवून सहिष्णुतेवर बोलणं प्रामाणिक होणार नाही. 'वली' म्हणजे पाठीराखा, संरक्षक, युद्धातला जोडीदार. अनेक भाष्यकार ही आयत त्या काळातल्या संघर्षाच्या संदर्भात वाचतात: समाजाशी वैर करणाऱ्यांच्या आश्रयाला जाऊ नका. मला हा अर्थ पटतो, कारण त्याच सूरहची पाचवी आयत ग्रंथधारकांचं अन्न हलाल ठरवते आणि त्यांच्यातल्या शीलवान स्त्रियांशी निकाहला परवानगी देते. ज्यांच्यासोबत एका दस्तरखानवर बसायचं, ज्यांच्या लेकीला आपल्या मुलांची आई करायचं, त्यांच्याशी सरसकट वैर कसं धरणार? आणि त्याच सूरहची आठवी आयत बजावते, की एखाद्या कौमबद्दलचा राग तुम्हाला अन्यायाकडे नेता कामा नये.

इतिहासात आपण या कसोटीला उतरलो का? कधी उतरलो, कधी सपशेल नापास झालो. मूसा बिन मैमून या यहुदी विद्वानाचं आयुष्य बघा. जन्म कुर्तुब्यातला. बाराव्या शतकात मुवह्हिदून घराण्याची सत्ता आली आणि तिथल्या यहुदी-ख्रिस्तींवर धर्म बदलण्याची सक्ती झाली. या कुटुंबाला गाव सोडावं लागलं. पुढे ते मिसरमध्ये स्थिरावले. तिथे ते सुलतान सलाहुद्दीनच्या दरबाराशी जोडलेले हकीम झाले, आपल्या समाजाचे पुढारी झाले, आणि आपला मोठा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ त्यांनी अरबी भाषेत, हिब्रू लिपीत लिहिला. त्यांना घर सोडायला लावणारे मुसलमान होते आणि मान देणारेही मुसलमानच होते. कुरआन दोघांकडे एकच होता.

जिझियाबद्दलही सरळ बोलू या. जिझिया घेऊन जीव, मालमत्ता आणि उपासना यांच्या रक्षणाची हमी दिली जायची. स्त्रिया, मुलं आणि गरीब यांच्यावर तो साधारण नियमानुसार बसत नसे. त्या काळच्या युरोपातल्या यहुद्यांची अवस्था पाहता ही व्यवस्था पुष्कळ बरी होती. पण ती बरोबरीची नव्हती. काही काळात वेगळ्या पोशाखाची सक्ती झाली, नव्या चर्चवर बंधनं आली. आज समान नागरिक म्हणून जगणाऱ्या आपल्याला ती व्यवस्था आदर्श म्हणून मिरवायची गरज नाही. सूरह निसाचा न्याय तिच्यापेक्षा मोठा आहे.

तो न्याय जगून दाखवणारा एक माणूस मला नेहमी आठवतो. अल्जीरियाचे अमीर अब्दुल कादिर. फ्रेंचांनी त्यांचा देश घेतला. ते पंधराएक वर्षं लढले, शरण आले, फ्रान्समध्ये कैदेत राहिले, शेवटी दमिश्कला येऊन स्थायिक झाले. १८६० च्या जुलैत तिथे ख्रिस्ती वस्तीवर जमाव तुटून पडला. ज्यांनी अमिरांचा देश हिरावला तेही ख्रिस्तीच होते. बदला घ्यायचाच असता तर निमित्त समोर होतं. पण त्यांनी आपल्या घराचे दरवाजे उघडले, आपली अल्जीरियन माणसं पाठवून ख्रिस्ती कुटुंबांना गल्ल्यांतून बाहेर काढलं. हजारो जीव वाचले. अल्जीरियातल्या लढाईचा हिशेब दमिश्कच्या शेजाऱ्याकडून मागायचा नसतो, हे त्यांना नीट कळत होतं.

आज आपल्या फोनवर गाझाची दृश्यं येतात. काळीज फाटतं. तो राग खरा आहे आणि जुलमाविरुद्ध बोलणं आपलं कर्तव्यच आहे. ज्या सरकारने, ज्या सैन्याने जे केलं त्याचा जाब जरूर मागा. पण त्याच्या पाठोपाठ "यहुदी असेच असतात" असा फॉरवर्ड येतो तेव्हा ११२ वी आयत आठवा. एकाचा गुन्हा दुसऱ्या निरपराधाच्या माथी मारणं हेच तर ते पाप. सूरह आले इम्रानची ११३ वी आयत ग्रंथधारकांबद्दल स्पष्ट सांगते की ते सगळे सारखे नाहीत.

कोकणातल्या बेने इस्राएल लोकांचाच विचार करा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. घरात मराठी बोलणारे हे यहुदी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या कोकणी मुसलमानांच्या शेजारी राहिले. मुंबईत भायखळ्याला सर जेकब ससून यांच्या नावाची शाळा आहे. यहुदी समाजाने उभी केलेली, आणि आज तिथे शिकणारी बहुसंख्य मुलं मुसलमान आहेत. तुमच्या फॉरवर्डमधल्या 'यहुदी' या शब्दात हे सगळे येतात.

आणि हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला कळणार? दूर कुठेतरी कुणी काहीतरी करतो आणि इथे भाड्याचं घर शोधताना आपल्या नावाकडे बघून चेहरे बदलतात. ते किती लागतं, ते तुम्हाला माहीत आहे. जो न्याय आपण स्वतःसाठी मागतो तोच दुसऱ्याला देण्याची सुरुवात करू या.

आजचा अमल छोटासा: एखाद्या आख्ख्या कौमला दोषी ठरवणारा मेसेज आला तर तो पुढे पाठवू नका. आणि ग्रुपमध्ये आपलाच माणूस चुकीचं बोलत असेल, तर त्याला प्रेमाने, शक्यतो एकांतात, सांगा. तुअमाच्या कबिल्याला नेमकं हेच जमलं नव्हतं.

या अल्लाह, आम्हाला विश्वासघातक्यांचे वकील होण्यापासून वाचव. आमच्या रागाला न्यायाच्या हद्दीत ठेव. जगभरातल्या मजलूमांना, ते कुणीही असोत, तुझ्या आश्रयात घे. आमीन.

उद्या पुढच्या आयतींसह भेटू, इन्शाअल्लाह.