सांडपाण्याच्या वाटेने

कोलकात्याचं सांडपाणी जातं कुठे? ऐंशीच्या दशकात ध्रुवज्योती घोष हे सरकारी अभियंते याचा माग काढत शहराच्या पूर्वेला पोहोचले. तिथे शुद्धीकरणाची यंत्रं नव्हती; मच्छीमारांची उथळ तळी होती. उन्हात शेवाळ वाढतं, जिवाणू घाण पचवतात, मासे पोसले जातात आणि उरलेलं पाणी भातशेतीला मिळतं. खर्च जवळजवळ नाहीच! घोषांनी या मच्छीमारांना गुरू मानलं. मला तेच त्यांना मिळालेल्या पुरस्कारांहून मोठं वाटतं. या जमिनीवर बांधकामवाल्यांचा डोळा होताच. घोषांनी नकाशे केले, सरकारदरबारी बाजू मांडली. २००२ मध्ये सुमारे १२,५०० हेक्टर क्षेत्राला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, मिळाला. अतिक्रमण मात्र थांबलं नाही. निवृत्तीनंतरही, २०१८ मध्ये निधन होईपर्यंत, ते या तळ्यांसाठी भांडत राहिले.