नियम कोणासाठी वाकवायचा?

(वाचन : मार्क ७ : ९-१३)



नागपूरला इंजिनिअरिंग शिकणारा आपल्या धर्मग्रामातील एक तरुण सुट्टीत भेटायला आला. कॉलेजांच्या रोबो स्पर्धेत समोरच्या संघाच्या रोबोची एक वायर ठरलेल्या मापाबाहेर बोटभर आली होती. त्याच्या संघात वाद झाला. काही म्हणाले, "नियम तो नियम, त्यांना बाद करायला लावू." काही म्हणाले, "वायरीने त्यांना काय फायदा होणार?" त्याने मला विचारले, "फादर, बरोबर कोण?"

मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही.

नियम कडक हवेत, हे चिखल्याच्या माणसांना सांगायला नको. मॅंगनीजच्या खाणीत उतरताना हेल्मेट आणि दिवा 'थोडासा' वापरून चालत नाही. स्पर्धेतही तसेच. २०१४ साली पुण्याला बालेवाडीत आशिया-पॅसिफिक देशांतील विद्यार्थ्यांची रोबोकॉन स्पर्धा झाली. अशा स्पर्धेचे नियम आधीच छापून मिळतात, संघांनी विचारलेल्या शंकांची उत्तरेही सर्वांसाठी जाहीर होतात. कारण एकाला दिलेली सवलत म्हणजे रात्र-रात्र जागून माप पाळणाऱ्या दुसऱ्यावर अन्याय. पंचाची कठोरता ही त्या दुसऱ्यावरची प्रीतीच असते.

मग दया कुठे बसते? संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात एक उदाहरण दिले. ठेव मागताच परत करावी, हा चांगला नियम. पण तलवार ठेवून गेलेला माणूस वेडाच्या भरात ती मागू लागला, तर? तेव्हा ती न देणे हेच योग्य, कारण नियम माणसाच्या भल्यासाठी केला होता. नियमाचा हेतू सांभाळण्यासाठी कधीकधी अक्षर सोडावे लागते.

पण इथेच सैतान फसवतो. आपणही 'हेतू' शोधतो, पण स्वतःच्या सोयीचा! आजच्या वाचनातील परुशी आणि शास्त्री तेच करत होते. आईबापांचा मान राखा, ही देवाची आज्ञा. त्यांनी पळवाट काढली : आपले धन 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असे म्हटले की म्हाताऱ्या आईबापांना काही द्यायला नको. अक्षर शाबूत, आई उपाशी! प्रभू येशूने त्यांना ढोंगी म्हटले. तोच येशू शब्बाथ दिवशी आजाऱ्याला बरे करतो. नियम दोघांनीही वाकवला. येशूने दुसऱ्यासाठी, परुश्यांनी स्वतःसाठी.

योगायोग पाहा, पुण्याच्या त्या स्पर्धेचा विषयच पालकत्वाला वंदन हा होता. 'पालक' रोबोने 'बाळ' रोबोला उचलून झोक्यावर, सीसॉवर खेळवायचे. यंत्राने बाळ सांभाळावे म्हणून मुले कित्येक महिने घाम गाळत होती. आपल्यातले किती जण गावी एकट्या राहणाऱ्या आईला फोन करायलाही "ड्यूटी आहे" म्हणतात? हे आपले आजचे कुर्बान.

त्या तरुणाला मी शेवटी एवढेच म्हटले : "स्वतःचा रोबो मोजताना पट्टी कडक धर. दुसऱ्याची वायर बाहेर दिसली तर आधी त्यालाच सांग, तपासणीपूर्वी आत बांधू दे. त्यानंतरचा निर्णय पंचाचा, तो मुकाट्याने मान." तो हसला. म्हणाला, "आम्ही पंचाकडेच धावलो होतो, फादर."

आपणही बहुधा तिकडेच धावतो. या आठवड्यात कोणाची चूक दिसली, तर चावडीवर नेण्याआधी त्याच्या दारी जाऊ या. आणि आपण सवलत घेताना स्वतःला विचारू या : हिचा भार कोणाच्या डोक्यावर पडतो?

प्रभू आपल्याला न्याय आणि दया दोन्ही शिकवो. आमेन.

आपला,
धर्मगुरू